सेकंडहँड मॅच एअर रायफल घेतली आहे: कशाला हात लावू, कशाला नको?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात कळंब्याजवळ राहतो, बँकेत नोकरी. शाळेत एनसीसीत पॉइंट टू टू (.२२ बोअरची, काडतुसाची रायफल) हातात आली होती, तेव्हापासून नेमबाजी डोक्यातून गेली नाही. आता पस्तिशी ओलांडल्यावर दुधाळीच्या रेंजवर जायला लागलोय, १० मीटर एअर रायफल. छंद म्हणूनच, पण मनापासून. पुढंमागं मास्टर्स गटात स्पर्धा खेळायची इच्छा आहे.

इतके दिवस रेंजवरची रायफल वापरत होतो. आता पुण्याच्या एका सिनियर नेमबाजाकडून वॉल्थर एलजी ४०० घेतली, ॲल्युमिनियम स्टॉकची. बिल आणि सीरियल नंबर सगळं ताब्यात आहे. रायफल सुंदर ठेवलेली आहे, पण आधीचा मालक माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच, त्यामुळं खांद्याला लावली की मान वाकडी होते. ट्रिगर इतका हलका केलाय की बोट टेकलं की गोळी गेली. स्टॉकवर स्क्रूच स्क्रू आहेत, आणि कुठला आधी फिरवायचा हेच कळेना.

शिवाय रायफलचं हवेचं सिलिंडर, पावसाळ्यातला गंज, पुढं वजनं लावायची का, ग्रिप हाताप्रमाणं करून घेता येते का, असे बरेच प्रश्न आहेत. मला स्वतःच्या हातानं करायला आवडतं. पण नको तिथं हात घालून चांगली वस्तू बिघडवायची नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

दहा_पॉइंट_चार

अभिनंदन! बाकीचं सावकाश करा, आधी सिलिंडरवरची तारीख बघा. उद्यमनगरवाले काका येतीलच, त्यांचं नीट वाचा.

उद्यमनगर_टर्नर

अभिनंदन भावा. माझं उद्यमनगरात टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे आणि रेंजवरही मी बरीच वर्षं आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगतो. मोठं होईल, चहा घेऊन बस.

सिलिंडर आधी. त्याच्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ते वाच. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात मुदत जास्तीत जास्त १० वर्षं धरतात, आणि मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे. पण स्पर्धा बाजूला ठेव. त्यात २०० बार हवा असते. मोटरसायकलच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज घे, आणि हे नळकांडं तुझ्या डाव्या हाताच्या पुढं, नळीखाली बसलेलं असतं. तारीख गेली असेल तर नवीन घ्यायचं. “बाहेरून नवंकोरं दिसतंय की” हे कारण चालत नाही. ॲल्युमिनियम भरून-रिकामं होऊन आतून थकतं, ते डोळ्याला दिसत नाही.

आता भरण्याचं. आपल्याकडं उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात कुठल्याही शेडमध्ये गॅस कटिंगचा ऑक्सिजन सिलिंडर उभा असतो. कुणीतरी ओळखीचा म्हणतोच, “हवाच की ती, आण, भरून देतो.” अजिबात नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा, ग्रीसचा अंश मिळाला की तो पेट घेतो, आणि बंद नळकांड्यात पेट घेतला तर स्फोट होतो. कोरडी, स्वच्छ हवाच भरायची. डायव्हिंगच्या सिलिंडरवरून, हाय प्रेशर हँडपंपानं किंवा त्यासाठीच्याच कॉम्प्रेसरनं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर १० बारच्या आसपास थांबतो, त्याचा इथं उपयोग नाही. हँडपंप वापरलास तर मध्ये थांबून ओलावा सोडत जा, पावसाळ्यात तर नक्कीच. भरताना सावकाश. घाईनं भरलं की सिलिंडर तापतं, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. भरलेलं सिलिंडर उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही.

माझ्याकडं पोरं ॲडाप्टर घेऊन येतात. “काका, असाच एक पितळेचा काढून द्या, कंपनीचा लय महाग पडतो.” मी काढत नाही. आटे चांगले निघतील, त्याची काळजी नाही. पण दाबाच्या पार्टला धातू कुठला आहे, तो कितीपर्यंत टेस्ट केलाय, हे कागदावर असावं लागतं आणि माझ्या शेडमध्ये २०० बारची टेस्ट करायची सोय नाही. हे पार्ट कंपनीचेच घ्यायचे. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलायची तर त्याच मापाची, आणि तिला सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट. साधं तेल, खोबरेल, मशिनचं ग्रीस हवेच्या वाटेत कुठंही नको.

आता तुझा खरा प्रश्न, बसवण्याचा. ‘कस्टमाईज’ म्हटलं की लोकांना रंगीत पार्ट दिसतात. मॅच रायफल कस्टमाईज करायची म्हणजे ती तुझ्या हाडांवर टेकेल अशी करायची. स्नायूनं धरलेली रायफल पंधरा-वीस शॉटनंतर हलायला लागते आणि मॅच ६० शॉटची आहे, सव्वा तासात. त्या वेळात मान, खांदा, डावा दंड यांतलं काहीच भरून यायला नको.

म्हणून क्रम पायापासून वर. रायफल रिकामी, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), तोंड टार्गेटकडं. जॅकेट आणि पँट घालूनच बसवायची. टी-शर्टवर जुळवलेली रायफल जॅकेटात वेगळी लागते आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

आधी नुसता उभा राहा, पाय खांद्याइतके, डावं कंबरेचं हाड थोडं पुढं. डावं कोपर बरगडीवर किंवा कंबरेच्या हाडावर टेकव. कोपर टेकल्यावर मूठ जिथं येते ती तुझी उंची. रायफल तिथून वर डोळ्यापर्यंत यायला पाहिजे, डोकं खाली रायफलकडं जायला नको. मूठ आणि रायफलमध्ये जागा उरत असेल तर पुढच्या हातावर टेकणाऱ्या ठोकळ्याची उंची वाढव. नियमात फोर-एंडचा, म्हणजे स्टॉकच्या या पुढच्या भागाचा तळ नळीच्या मध्यरेषेपासून १२० मिमीपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही, ते व्हर्नियर नाहीतर पट्टीनं मोज.

मग बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. डोळे मिटून रायफल खांद्यात घे, मान सरळ ठेव, डोळे उघड. मान वाकवायला लागत असेल तर बट प्लेट खाली सरकव, म्हणजे रायफल वर येते. तुझी मान वाकडी होते त्याचं अर्धं कारण मला इथंच दिसतंय. उरलेलं अर्धं लांबीत असेल. उंच माणसाची लांबी तुला जास्त पडणार, ती कमी कर, पण एकदम बोटभर नाही. दोन-तीन मिमी कमी कर, वीस-तीस ड्राय फायर कर (पेलेट न भरता नुसता ट्रिगर ओढायचा), मग पुन्हा बघ. उजवा हात ग्रिपवर सैल पडला पाहिजे आणि बोटाची पहिली पेर ट्रिगरवर आपसूक यायला हवी. ट्रिगरचं पातं वेगळं पुढंमागं सरकतं, ते सगळ्यात शेवटी.

चीक पीस, म्हणजे गाल टेकायचा भाग, त्यानंतर. डोक्याचं वजन गालावरून त्याच्यावर सोडून द्यायचं, आणि ते सोडलेलं असताना डोळा मागच्या साईटच्या भोकाच्या बरोबर मध्ये यायला हवा. उंची आणि आडवं, दोन्ही बघ. गाल दाबून मध्ये आणत असशील तर ते शॉटगणिक बदलणार. साईट डोळ्यापासून ५ ते ८ सेंमीवर ठेवून बघ. नाक चिकटवून बसायचं नाही.

हे जमलं की तोंड टार्गेटकडं करून डोळे मीट, दोन श्वास घे, उघड. पुढच्या साईटची रिंग टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या डावीउजवीकडं गेलेली दिसली तर हातानं ओढायची नाही, पाय हलवायचे. वरखाली असेल तर स्टॉकचं माप अजून बसलेलं नाही.

एका वेळी एकच स्क्रू. आणि प्रत्येक माप वहीत. स्टॉकवर पट्टी कोरलेली असेल तर आकडा लिही, नसेल तर पांढऱ्या मार्करनं खूण कर आणि फोटो काढ. आधीच्या मालकाची सगळी मापं हात लावायच्या आधीच लिहून घे. स्क्रू आवळताना कंपनीच्या पुस्तिकेतला टॉर्क बघ. ॲल्युमिनियमच्या आट्यात स्टीलचा स्क्रू जोरात पिळला की आटे खरवडतात, आणि मग माणूस माझ्याकडं येतो.

जे उघडायचं नाही ते पण सांगतो. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, वेग ठरवणारा स्क्रू, ट्रिगरच्या आतले दात, आणि नळीचं तोंड. नळीच्या तोंडाच्या कडेवर पेलेट (शिशाची छोटी गोळी) शेवटचं टेकतं, तिथं एक ओरखडा गेला की तो प्रत्येक शॉटमध्ये दिसतो. वेग वाढवून काही मिळत नाही. साधारण ०.५३ ग्रॅमचं पेलेट १७० मीटर प्रति सेकंदानं जातं, म्हणजे ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास. एवढ्यातच १० मीटरवर चांगली रायफल क्लॅम्पमध्ये एकाच भोकात मारते.

वजनं आणि ग्रिपचं उद्या लिहितो, आता गिऱ्हाईक आलंय.

निलिंग_ताई

काकांनी बट आणि चीक पीसबद्दल लिहिलंय त्यात माझ्याकडून काही कमीजास्त नाही. मी ५० मीटर थ्री पोझिशन खेळते, पॉइंट टू टू. आमच्याकडं निलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं पडून), स्टँडिंग (उभं राहून) या तिन्हींना वेगळी मापं लागतात. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ती फायनल कुणी पुन्हा बघणार असेल तर दोन पोझिशनच्या मधल्या वेळात नेमबाज काय करतात ते बघा. बट, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा), चीक पीस, सगळं ठरलेल्या आकड्यावर जातं. अंदाजानं कुणी काही फिरवत नाही. कांबळवाडीच्या माणसानं तिथपर्यंत जाऊन दाखवलं म्हणून आपल्या रेंजवर इतकी लहान मुलं दिसतात, त्यांच्याही हातात पहिल्या दिवसापासून वही असावी असं मला वाटतं.

ट्रिगरबद्दल मी सांगते. मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा बोट मागं नेतं, तिथं भिंतीसारखं जाणवतं, मग दुसऱ्या टप्प्यात शॉट सुटतो. १० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराची, किमान मर्यादा नाही, म्हणून सिनियर लोक फार हलका ठेवतात. नवीन माणसाला तो चालत नाही. भिंत जाणवायच्या आत शॉट गेला तर चूक कुठं झाली ते शिकताच येत नाही. तुम्ही १०० ग्रॅमच्या आसपास आणा, आणि एकूण वजनातला बराचसा भाग पहिल्या टप्प्यात ठेवा. ते बाहेरच्या ॲडजस्टिंग स्क्रूनं होतं, त्यासाठी आत काही उघडायचं नसतं. पुस्तिकेत कुठला स्क्रू कशाचा ते दिलेलं आहे, पाव-पाव फेरा फिरवा.

नंतर एक तपासणी न चुकता. पेलेट नाही, कॉक केलेली, तोंड टार्गेटकडं. बट रबरी मॅटवर हलकेच आपटा. ट्रिगर सुटला तर तो अजून धोकादायक आहे, पुन्हा वजन वाढवा. रेंजवर शेजारी मुलं उभी असतात.

पुढच्या साईटची रिंगही बघा. आधीच्या मालकानं बारीक ठेवली असेल. काळा भाग ३०.५ मिमी असतो, त्याच्याभोवती पांढरी कड भरपूर दिसली पाहिजे. रिंग बारीक असली की डोळा सारखा हालचाल पकडायला जातो आणि बोट थांबतं. ४.२ किंवा त्याहून मोठी लावून बघा. टेन, म्हणजे दहा गुणांचा मध्य, हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त वर्तुळात वर्तुळ बसलेलं. त्यामुळं मोठ्या रिंगनं नेम ढिला होतो ही समजूत सोडून द्या.

आणि काका, वजनं एवढ्यात लावू नका असं मी त्यांना सांगेन. नवीन माणसाचा डावा हात आधी रिकाम्या रायफलला तरी तयार होऊ दे.

शिरोळ_नेम

मध्येच विचारतो. मी अमेरिकेतले बरेच व्हिडिओ बघतो. तिकडं लोक घरी बसून सेमी-ऑटोमॅटिक रायफलचे बॅरल, ट्रिगर, स्टॉक सगळं स्वतः बदलतात, साफ करतात. आपल्याकडं तशी पॉइंट टू टू सेमी-ऑटो घेऊन तिच्यावर काम करता येईल का? मेकॅनिझमची आवड आहे, ऊस आणि ट्रॅक्टर सोडून दुसरं काहीतरी खोलायला मिळेल.

निलिंग_ताई

शिरोळ_नेम दादा, आवड चांगली आहे, पण तो रस्ता इथं नाही. आपल्याकडं शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं नियमांच्या अनुसूचीत पहिल्या वर्गात ठेवलेली आहेत. पिस्तुलांना वेगळा वर्ग आहे, पण सेमी-ऑटो रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. माझी पॉइंट टू टू बोल्ट ॲक्शन आहे, परवान्यावर. आमच्या स्पर्धेत रायफल एका वेळी एकच गोळी भरायची असते, मॅगझिनचा प्रश्नच येत नाही. म्हणजे खेळासाठी सेमी-ऑटोची गरजही नाही.

दुसरं, परवान्याची रायफल घरी खोलून पार्ट बदलायचे हेही चालत नाही. शस्त्र दुरुस्त करणं, बदलणं, तपासणं यासाठी त्या माणसाकडं वेगळा परवाना लागतो, कायद्याच्या कलम ५ खाली. मालकानं करायचं ते साफसफाई, तेल, आणि कंपनीनं बाहेरून दिलेली ॲडजस्टमेंट. एवढ्यातही हात भरपूर गुंततो. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते आणि काजळी मिळून चेंबरच्या पुढं कडक कडं धरतं. ते काढताना रॉड मागूनच, चेंबरच्या बाजूनं घालायचा, बोअर गाईड लावून, नाहीतर रॉड नळीला घासतो. बोल्टचं तोंड ब्रशनं साफ करायचं, फायरिंग पिन कोरडी ठेवायची. रिकाम्या चेंबरवर घोडा पाडत बसायचं नाही, पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

मेकॅनिझमचीच आवड असेल तर .१७७ ची एअर रायफल घ्या. २० जूलच्या आतल्या, ४.५ मिमीच्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांप्रमाणं परवाना लागत नाही. विकत घेताना दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, तो द्यायचा आणि बिल जपून ठेवायचं. आणि उसाच्या फडातल्या पोपटांवर, पारव्यांवर नेम धरायचा विचार असेल तर या धाग्यावर नको.

शिरोळ_नेम

नाही ताई, पाखरं मारत नाही आम्ही. समजलं. एअर रायफलच बघतो.

उद्यमनगर_टर्नर

ताई बरोबर बोलल्या. शिरोळ, तू एअर रायफल घेतलीस की इकडं ये, स्प्रिंग-पिस्टनची रायफल खोलून दाखवतो. तिच्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

वजनांबद्दल ताईंशी माझं थोडं वेगळं मत आहे. एकूण वजन वाढवू नको हे मलाही पटतं. मर्यादा ५.५ किलो आहे, पण तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही. मी बॅलन्सबद्दल बोलतोय. उंच माणसाची लांबी कमी केली, बट आत आली की रायफलचा तोल पुढं सरकतो आणि डाव्या हाताला जड वाटते. तेव्हा पुढचं वजन काढून मागं बटाजवळ लावलं की एकूण तेवढंच राहून हात हलका होतो. कळंबा_रोड, डाव्या हाताच्या जागी एका बोटावर रायफल तोलून बघ आणि कुठं तुलते ते वहीत लिही. तो बिंदू हाताच्या किंचित पुढं आला की झालं.

वजन करायला सोपं. पितळेची २५ मिमी सळई १२ मिमी लांब कापली की जेमतेम ५० ग्रॅमचं वजन होतं, मधल्या भोकाचे दोन-तीन ग्रॅम जातात. लोखंडाचं थोडं हलकं भरतं आणि पावसात गंजतं, म्हणून मी पितळच वापरतो. कडा मारून घ्यायच्या, नाहीतर जॅकेटला लागतात. नळीवर लावायचं असेल तर नळीच्या मध्यापासून ३० मिमीच्या आतच राहिलं पाहिजे, हा नियम आहे. नळीला क्लॅम्प करताना मध्ये पातळ चामड्याची पट्टी घाल. जवाहरनगरात चपलावाल्यांकडं कात्रणं मिळतात, तेवढी पुरतात.

आता पावसाळा, कारण जूनपासून विचारणारे दहाजण येतात. रायफल फोमच्या केसमध्ये फक्त नेण्याआणण्यासाठी. घरी आल्यावर बाहेर काढायची. फोम पाणी धरतो आणि बंद केसमध्ये ते स्टीलवर बसतं. रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या कपाटात ऑगस्टमध्ये चपलांना बुरशी येते, तिथं नळीचं काय होत असेल. कुलूपवाल्या लोखंडी कपाटात उभी ठेव, सिलिका जेलच्या पिशव्या टाक, त्या रंग बदलल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या कर आणि पुन्हा टाक. सराव संपला की बोटं लागलेल्या सगळ्या स्टीलच्या जागा जुन्या धुतलेल्या सुती कापडानं पुस. घाम हा पावसापेक्षा वाईट, त्यात मीठ असतं. मग गन ऑइलचा हात फिरव, पुसट, बाहेरूनच. कॉकिंग लिव्हरच्या सांध्याला पुस्तिकेत सांगितलंय तेवढाच थेंब.

नळी आतून साफ करायची घाई करू नको. दोन डब्यांनंतर, म्हणजे हजारभर पेलेटनंतर, फेल्टचे तुकडे पुल-थ्रूनं ओढायचे, पेलेट भरतो त्या बाजूनं तोंडाकडं. कोरडे ओढ, काळे निघायचे थांबले की पुरे. तारेचा ब्रश आणि पॉइंट टू टूची सॉल्व्हंट इथं लागत नाहीत, शिशाच्या मऊ पेलेटला आणि या वेगाला काजळी फारशी धरतच नाही. साफ केल्यावर पहिले दहा-वीस शॉट जरा भटकतात, ते झिरोसाठी, म्हणजे साईट जुळवण्यासाठी, धरू नको.

पेलेट निवडताना सपाट डोक्याचेच. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं येतं. तुझ्या नळीला कुठलं लागतं ते क्लॅम्पमध्ये धरूनच कळतं, हातानं धरून ग्रुप बघितला तर तो तुझा ग्रुप असतो. तोवर ४.५० चं एकाच बॅचचं घे आणि तेच वापर. सराव झाल्यावर हात साबणानं धुवायचे, शिसं आहे. रेंजवर भडंगाच्या पुडीत तसाच हात घालणारे बघितलेत मी.

कळंबा_रोड

काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री बसून आधीची सगळी मापं लिहिली, फोटो काढले. सिलिंडरवर ०४ आणि २०१४ आहे, म्हणजे मुदत गेलेली. हवा सोडून बाजूला ठेवलंय, नवीन मागवतोय, तोवर ड्राय फायर.

बट प्लेट खाली घेतली आणि लांबी ६ मिमी कमी केली, दोन वेळा मिळून. मान सरळ आली. पण डोळे मिटून उघडले की रिंग अजून काळ्याच्या वर राहते. आणि ग्रिप मोठी पडते, करंगळी आणि अंगठा अधांतरी राहतात. लाकडाची आहे. तासू का?

उद्यमनगर_टर्नर

वर राहते म्हणजे आता उंची जास्त झाली. हातावरच्या ठोकळ्याची उंची ५ मिमी कमी करून बघ. बट पुन्हा हलवू नको, मान सरळ आलीय ना.

ग्रिप तासायची नाही. तासलेलं लाकूड परत येत नाही. मोठी पडतेय ती पोकळीमुळं, म्हणून आधी भरायचं. एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी मळ, ग्रिपला पातळ प्लास्टिक गुंडाळून त्याच्यावर लाव, आणि जॅकेट घालून, रायफल खांद्यात घेऊन, नेहमीसारखा हात ठेव. जोर लावू नको, हात जिथं पडतो तिथंच पडू दे. कडक व्हायला लागली की हात काढ. उतरलेला साचा बघितलास की अंगठ्याखाली आणि करंगळीजवळ किती भर लागते ते दिसतं. महिनाभर त्याच्यावर सराव कर, पटलं तर प्लास्टिक काढून कायमची चिकटव आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा मोडून घे. एक लक्षात ठेव, ग्रिपचा कुठलाही भाग डाव्या हातावर टेकता कामा नये, इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला) तो अडवतात.

निलिंग_ताई

ठोकळ्याची उंची कमी केल्यावर चीक पीस पुन्हा तपासा. डोक्याचा कोन बदलतो. आणि ड्राय फायर करताना रायफलचा ड्राय फायरचा मोडच वापरा. भिंतीवर घरच्या अंतराप्रमाणं लहान केलेलं काळं वर्तुळ चिकटवा. पाच मीटर मिळत असतील तर व्यास निम्मा, सव्वापंधरा मिमी.

कळंबा_रोड

पाच मीटर मिळतात, हॉलपासून देवघराच्या भिंतीपर्यंत. आजच चिकटवतो. काका, वजनं तुमच्याकडंच करून घेईन, शनिवारी शेड उघडी असते का?

उद्यमनगर_टर्नर

शनिवारी दुपारी चारनंतर ये, सकाळी पंपाच्या शाफ्टचं काम आहे. रायफल आण, सिलिंडर घरी ठेव, आणि बॅलन्सचा बिंदू लिहिलेली वही विसरू नको. पितळेची सळई माझ्याकडं आहे.